ओळखीचा वायू

आमच्या धंद्याला मराठीत सुटसुटीत नाव नाही. 'आंतरतारकीय रसायनशास्त्र' असं सांगितलं की समोरचा माणूस ते आधी मनातल्या मनात एकदा म्हणून बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करता आपण?"

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तीसेक वर्षं हेच काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या काळात या प्रश्नाची सगळी रूपं ऐकून झाली आहेत. भिशीतली एक मैत्रीण म्हणाली होती, "तू तारे बघतेस ना? मग सकाळी दहाला डबा घेऊन कुठे जातेस?" आमच्या सोसायटीत अबकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी कुठेतरी वाचलं की अवकाशात मद्यार्काचे ढग असतात. जिन्यात मला थांबवून त्यांनी चौकशी केली.

"हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"पुष्कळ आहे म्हणे."

"पृथ्वीवर आजवर गाळली असेल त्याहून कितीतरी जास्त."

ते गंभीरपणे म्हणाले, "आणि परवाना कोणाच्या नावावर आहे?"

पुण्यात राहून असं काम करायचं म्हणजे कातडी जाड लागते. ती माझी होती. दुसऱ्या एका बाबतीत मात्र ती अजिबात जाड नव्हती, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे. आधी धंदा थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायूचे आणि धुळीचे अवाढव्य ढग असतात. अतिशय विरळ, आणि आपल्याला कल्पना करता येणार नाही इतके थंड. याच ढगांमधून नवे तारे जन्माला येतात. त्या ढगांत काय काय आहे ते शोधायचं, हे आमचं काम. तिथे जाता येत नाही, चिमूटभर आणता येत नाही. मग कळतं कसं? तुम्ही दुपारी घरात आडवे पडलेले असता. खालच्या गल्लीतून हाक येते. माणूस दिसत नाही, शब्दही धड कळत नाहीत, तरी ही हाक रद्दीवाल्याची की भाजीवाल्याची हे उठून न बघता समजतं. रेणूंचं तसंच आहे. प्रत्येक रेणू गिरकी घेता घेता आपल्या ठरलेल्या रेडिओ लहरी सोडतो. दुसऱ्या कोणाच्या त्या नसतात. दूर देशातल्या उंच, कोरड्या पठारावरच्या दुर्बिणी त्या टिपतात आणि आम्ही पुण्यात बसून ओळखतो, हा अमोनिया, हा मद्यार्क, हा आणखी कोणी. डोळ्यांनी बघायचं नसल्यामुळे रात्रही लागत नाही. म्हणून दहाचा डबा.

ढगात सगळ्यांत जास्त असतो हायड्रोजन. पण एवढ्या थंडीत तो मुका असतो, हाकच देत नाही. रेणूंमध्ये त्याच्याखालोखाल असतो कार्बन मोनॉक्साईड. एक कार्बन, एक ऑक्सिजन, संपला रेणू. पण बडबड्या! दूरदूरच्या दीर्घिकांमधून, म्हणजे आकाशगंगेबाहेरच्या ताऱ्यांच्या बेटांवरूनही त्याचा आवाज येतो. त्यामुळे हायड्रोजन कुठे आहे आणि किती आहे हे आम्ही कार्बन मोनॉक्साईडला विचारून ठरवतो. जगभर माझ्यासारखे शेकडो लोक आयुष्यभर याच एका वायूचे नकाशे काढत असतात. मी माझ्या नवऱ्याचं नाव जितक्या वेळा घेतलं असेल त्याच्या हजारपट या वायूचं घेतलं आहे. अर्थात नवऱ्याला मी 'अहो' म्हणते.

स्नेहल माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी. हिंजवडीच्याही पलीकडच्या एका गावातली. घरची शेती होती, त्यातली बरीचशी आता इमारतींखाली गेली आहे. वडील संपतराव, ज्यांना ती आबा म्हणते, उरलेल्या तुकड्यात अजून भात लावतात. घरात हिच्याआधी कोणी कॉलेजच्या दारात गेलेलं नव्हतं. पहिल्या मुलाखतीत आमच्या समितीतल्या एकांनी तिला जरा खवचटपणे विचारलं, "या विषयाकडे आपण कशा वळलात?" ती म्हणाली, "सर, आमच्या गावावर आधी तारे दिसायचे. आयटी पार्क झालं आणि दिसेनासे झाले. मग मी म्हटलं, न दिसणाऱ्यांवरच काम करू." 

पहिलं वर्षभर ती घरून ये-जा करत होती. हिंजवडीच्या चौकातली वाहतूक ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको. येताना दोन तास, जाताना त्याहून जास्त. शेवटी आबांनीच सांगितलं, खोली घे. तिने कर्वेनगरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, रिया नावाच्या एका मुलीबरोबर फ्लॅट घेतला. रिया सॉफ्टवेअरमध्ये, बहुतेक दिवस घरूनच काम करणारी. दोघींचं छान जमलं होतं.

तो जानेवारीतला दिवस होता. पुण्यात चार-दोन दिवस खरी थंडी पडते त्यातला. सकाळी आमच्या परदेशी सहकाऱ्यांबरोबर ऑनलाइन बैठक होती आणि स्नेहल तिच्या ढगाचा नकाशा दाखवणार होती. ती कधी उशीर करत नसे. मी घरी लॅपटॉप उघडून बसले होते. सगळे आले, स्नेहल आली नाही. एवढ्यात रियाचा फोन आला.

"मॅम, स्नेहल बाथरूममधून बाहेरच येत नाहीये. मी खूप नॉक केलं. आतून पाण्याचा आवाज येतोय, पण ती रिस्पॉन्डच करत नाहीये."

मी चपला घालून तशीच निघाले. वाटेत मनात काय होतं तर पाय घसरला असेल, डोक्याला लागलं असेल. पोचले तोवर वॉचमन आणि शेजारचे एक जण मिळून दाराला खांदा देत होते. कडी उखडली. दार पुरतं उघडेना, कारण ती दाराशीच पडली होती. रियाने फटीतून आत जाऊन तिच्यावर टॉवेल टाकला. मी मागोमाग आत शिरले. कोंदट, गरम वाफ. नळाचं कढत पाणी बादलीतून वाहत होतं. मी नळ बंद केला. वरचा गीझर फट् करून विझला. तो आवाज मी ऐकला, आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

तिचा चेहरा पाहून मला उलट धीर आला, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. गाल गुलाबी, ओठ लालसर. लग्नातल्या मुलीसारखा टवटवीत चेहरा. मी म्हटलं, "घाबरू नका, नुसती चक्कर आहे. रंग बघा किती चांगला आहे." आम्ही तिला बाहेरच्या खोलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. ती उठली नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

जिना उतरताना वरच्या मजल्यावरच्या एक बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्या दुसऱ्या कोणाला तरी म्हणाल्या, "पीएचडीचं टेन्शन असेल हो. हल्लीच्या मुली काय घेतील नेम नाही." मला ते वाक्य कानाखाली बसल्यासारखं लागलं. पण खरं सांगते, गाडीत बसल्यावर मी रियाला विचारलं, "ती काही गोळ्या वगैरे..." रिया ओरडलीच, "नो मॅम! काल रात्री ती माझ्याबरोबर मटार सोलत होती!"

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं. बोटाला चिमटा लावला. पडद्यावर आकडा आला, नव्व्याण्णव. नर्स म्हणाली, "ऑक्सिजन एकदम व्यवस्थित आहे." परत तेच. सगळं व्यवस्थित, फक्त मुलगी उठत नाही. त्यांनी आम्हाला फिट येण्याबद्दल विचारलं, साखरेबद्दल विचारलं, मग आवाज खाली करून प्रेमप्रकरणाबद्दल विचारलं.

मग एक तरुण डॉक्टर आला. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने तिच्या पापण्या उघडून पाहिल्या, नखं पाहिली आणि आमच्याकडे वळून एकच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?"

"आहे," रिया म्हणाली.

"आतच बसवलाय? खिडकी?"

"खिडकी आहे, पण बंद असते. डक्टमध्ये कबुतरं खूप होती म्हणून घरमालकांनी बाहेरून ॲक्रिलिकची शीट लावून घेतली."

त्याने भराभर नर्सला सूचना दिल्या, चांगला घट्ट मास्क, पूर्ण दाबाने ऑक्सिजन, रक्त ताबडतोब तपासायला पाठवा. तिला मास्क लागल्यावर तो मला बाजूला घेऊन गेला. मी तिची आई किंवा मावशी असेन असं त्याला वाटलं असावं. तो समजुतीने, हळू बोलू लागला.

"हे बघा आई, गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती संपत जाते. मग गॅस अर्धवट जळतो आणि एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. आत असलेल्याला काही कळतच नाही. कार्बन मोनॉक्साईड. नाव ऐकलं असेल तुम्ही."

मी म्हटलं, "हो. ऐकलंय."

 तो पुढे सांगत होता. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि सुटता सुटत नाही. रक्त उलट जास्तच लाल दिसतं, म्हणून गाल गुलाबी, म्हणून तो चिमटासुद्धा फसतो आणि नव्व्याण्णव दाखवतो. मी मान हलवत होते. एखाद्या बाईला तिच्या सख्ख्या भावाबद्दल कोणी तिऱ्हाइताने बातमी सांगावी आणि तिने, "असं का? कोण तो?" असं म्हणत उभं राहावं, तशी मी उभी होते. हा वायू विषारी असतो हे मला माहीत नव्हतं का? होतं. शाळेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझा कार्बन मोनॉक्साईड कोटी कोटी मैलांवर राहत होता. मी त्याच्या हाका ऐकत होते. तो कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर येऊन माझ्याच विद्यार्थिनीच्या छातीत बसेल, आणि मी स्वतः त्या कोंडलेल्या हवेत उभी राहून तिचा रंग छान आहे म्हणेन, हे माझ्या कल्पनेच्या बाहेरचं होतं. मी बाकावर बसले. 

रक्ताचा अहवाल डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणेच आला.

आबा आले ते दुपार टळत आल्यावर. वाटेत कुठेतरी कंटेनर उलटला होता. पांढरा सदरा, पायाला चिखल तसाच. बरोबर कोणी नव्हतं; बायकोला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"म्याडम, खरं सांगा. पोरीनं काय खाल्लं-बिल्लं तर न्हाई ना?"

"नाही हो आबा. देवाशपथ नाही." मी देवाशपथ कधी म्हणत नाही. त्या दिवशी म्हटलं.

"मंग?"

"गीझरचा गॅस. बाथरूम बंद होतं, त्यात विषारी वायू साठला."

"कसला वायू?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग सावकाश म्हणाले, "ह्ये नाव वळखीचं हाय. पोरगी फोनवर रोज ह्याच नावाचं सांगती. आबा, आज मोनॉक्साईड लई गावला. आबा, आज मोनॉक्साईडचा नकाशा झाला. तिची आई हसती, म्हनती, जावई शोधलाय जनू." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "त्योच का ह्यो?"

"तोच."

"पर त्यो तर आभाळात असतोय ना?"

मी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.  ते शेजारी बसले आणि म्हणाले, "रूम घे म्हून मीच म्हनलं व्हतं."

स्नेहल दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. माझ्याकडे बघून तिने क्षीण आवाजात विचारलं, "मीटिंग झाली?" तेव्हा मी आणि रिया गळ्यात गळे घालून रडलो. काही दिवसांत ती चालू-बोलू लागली, घरी गेली. आबांनी संस्थेत पेढे वाटले. हॉस्पिटलमधून निघताना त्या तरुण डॉक्टराने सांगितलं होतं, "पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. कधीकधी मेंदूवर उशिरा परिणाम दिसतात." आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. पेढे खाणाऱ्या माणसाला अशी वाक्यं ऐकू येत नाहीत.

मधल्या काळात मी त्याच इमारतीत राहणाऱ्या तिच्या घरमालकांना भेटायला गेले. गीझर बाहेर काढा, शीट काढा, एवढंच सांगायला. त्यांनी मला दारातच उभं ठेवलं.

"पंधरा वर्षं त्याच बाथरूममध्ये लोक आंघोळी करतायत. कोणाला काही झालं नाही."

"आता झालं."

"आंघोळीला किती वेळ घ्यावा याला काही मर्यादा आहे की नाही?"

 खाली येऊन सोसायटीच्या सूचनाफलकावर माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, गीझर कुठे असावा आणि कुठे नसावा. दोन दिवसांनी तो कागद काढलेला होता. मी पुन्हा लावला. चौथ्यांदा लावला तेव्हा जिन्यातून बघणाऱ्या त्या वरच्या बाई स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे जरा येऊन बघता का हो? आमचाही आतच आहे." त्या दिवशी मी त्या इमारतीतल्या सात घरांच्या न्हाणीघरांत डोकावले. पाच ठिकाणी गीझर आत होता. पाच! बहुतेक ठिकाणी तो सुस्थितीत, चकचकीत पुसलेला, वर स्वस्तिक काढलेला.

स्नेहल संस्थेत परत आली तेव्हा थंडी सरून उन्हं तापू लागली होती. आली, हसली, जागेवर बसली. थोडी मंद वाटत होती, पण मी म्हटलं अशक्तपणा असेल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तिच्या टेबलापाशी गेले. समोर भिंतीवर तिनेच काढलेला तिच्या ढगाचा नकाशा लावलेला होता. वायू कुठे दाट, कुठे विरळ, हे दाखवणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा एकात एक. तो तिने इतक्या वेळा काढला आणि खोडला होता की डोळे मिटूनही काढला असता. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "हे खडकवासला ना?"

मला वाटलं ती विनोद करते आहे. मी हसले.

"म्हणजे धरणाचं पाणी ना हे? इथे भिंत असेल." तिने बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. शाळेतल्या मुलीने बरोबर उत्तर दिलं असावं अशी ती माझ्याकडे बघत होती.

मी खुर्ची ओढून बसले. तिला पेन हातात दिलं, नाव लिही म्हटलं. तिने लिहिलं. आज कोणता वार, विचारलं. ती विचारात पडली. "मॅडम, तुम्ही रागावलात का?" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्ले आहेत. मोठी दुर्बीण ऐन वेळी बंद पडलेली पाहिली आहे, आमचा दोन वर्षांचा निष्कर्ष दुसऱ्यांनी एका दुपारी खोडून काढलेला पाहिला आहे. पण त्या टेबलापाशी माझ्या पायाखाली जे सरकलं ते मी कोणालाच नीट सांगू शकलेले नाही. मरणाच्या दारातून मुलगी परत आली म्हणून आम्ही पेढे खाल्ले, आणि ती अशी हळूहळू, आमच्या डोळ्यांदेखत जात होती.

पुन्हा हॉस्पिटल. तोच डॉक्टर. त्याने लपवाछपवी केली नाही. हेच उशिरा दिसणारे परिणाम. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, वर्षही लागतं. कितपत आणि कधी, हे आत्ता सांगता येणार नाही. ती गावी गेली. मी दर रविवारी जात असे. सुरुवातीला ती अंगणात बसून राहायची, मला चहा द्यायची आणि चहा दिलाय हे विसरून पुन्हा द्यायची. मी दोन्ही प्यायची. तिची आई मला कधी बोल लावत नसे, पण समोर येऊन बसतही नसे. परतताना आबा फाट्यापर्यंत सोडायला यायचे. एकदा म्हणाले, "म्याडम, तुमचं ते काम तिच्यासाठी ठेवलंय का दुसऱ्या कुनाला दिलंय?"

"तिचंच आहे. ठेवलंय."

"ठेवा," ते म्हणाले, आणि वळले.

संस्थेत मी नकाशे उघडायची आणि बंद करायची. एका शाळेत व्याख्यान होतं. नेहमीचंच, शंभर वेळा दिलेलं. पडद्यावर त्या वायूचं नाव आलं आणि मी प्रोजेक्टर बंद केला.   सरळ मुलांना विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे?" बरेच हात वर झाले. उरलेला तास मी अवकाशाबद्दल एक अक्षर बोलले नाही. मुख्याध्यापक आभार मानताना म्हणाले, "मॅडमचा विषय जाहीर केला होता त्याहून थोडा वेगळा झाला." त्यांचं बरोबर होतं.

पावसाळ्यानंतर स्नेहल सुधारायला लागली. आधी वार आले, मग हिशेब आला, मग रियाशी फोनवर भांडण आलं. दिवाळीनंतर आबा तिला आठवड्यातून दोनदा संस्थेत घेऊन येऊ लागले. ती आत, ते कॅन्टीनमध्ये टोपी मांडीवर ठेवून. पण त्या अपघाताआधीचे तीन-चार महिने तिच्या डोक्यातून साफ गेले होते. आणि नेमकं त्याच महिन्यांत तिने तिचा पहिला शोधनिबंध लिहिला होता. मी तो तपासला होता, परदेशी सहकाऱ्यांनी तपासला होता; तिच्यासाठी म्हणून प्रसिद्धीला पाठवायचा थांबवला होता. आता ते अधीर झाले होते. माझीही निवृत्ती तोंडावर आली होती. मी तिला निबंध छापून दिला, म्हटलं, वाचून बघ, घाई नाही.

ती ओळीखाली पट्टी धरून वाचायची. एका दिवसात एखादं पान. एके सकाळी ती कागद घेऊन माझ्या खोलीत आली.

"मॅडम, हे कोणी लिहिलंय?"

वर पहिलं नाव तिचंच होतं. मी म्हटलं, "तू."

"मी?" ती खाली बघत राहिली. एक पान उलटलं. "बरं लिहिलंय की." मग जरा घुटमळून म्हणाली, "पण मॅडम, हे चुकलंय."

 मला वाटलं, परत. परत खडकवासला. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "काय चुकलंय?"

"हा एक ढग नाहीये. दोन आहेत. एकामागे एक उभे आहेत, म्हणून आपल्याला एकच दिसतोय." तिने आलेख माझ्यासमोर ठेवला. ढग आपल्याकडे येत असेल की लांब जात असेल, त्याप्रमाणे त्याच्या लहरी किंचित सरकतात. त्यावरून वेग कळतो. आलेखात उंचवटा एकच होता. तिने त्याच्या उतारावर पेन्सिल टेकवली. "इथे खांदा आहे बघा, बारीकसा. हा दुसरा आहे. याचा वेग वेगळा आहे. यांनी... म्हणजे मी दोन्ही एकत्र धरलेत. मग वायू किती आहे ते सगळंच जास्त आलंय."

मी चष्मा पुसला. बघितलं. संगणकावर मूळ नोंदी काढून बघितल्या, दोन वेगांनी वेगळ्या करून बघितल्या. दोन ढग होते. स्वच्छ दोन. माझ्या नजरेतून निसटलेले, तीन देशांतल्या चार तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेले. त्या निबंधाचा निम्मा निष्कर्ष माझ्या डोळ्यांसमोर कोसळला आणि सबंध आयुष्यं ज्यात जातात त्या धंद्यात इतका सुखाचा धक्का मी कधी खाल्ला नव्हता.

ती घाबरून माझ्याकडे बघत होती. "माझं चुकतंय का, मॅडम?"

"बस इथेच," मी म्हटलं. "हलू नकोस."

मी जवळजवळ पळतच कॅन्टीनमध्ये गेले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मला कळलं आबांच्या चेहऱ्यावरून. मला पाहताच ते ताडकन उठले. टोपी खाली पडली.

"काय झालं? म्याडम, पुन्ना काय झालं?"

"आबा, तिने चूक काढली."

"कुनाची?"

"स्वतःची. आधी लिहिलेलं होतं त्यातली. माझीही. आमच्या सगळ्यांची. कोणालाच दिसली नव्हती."

 ढग, वेग, आलेख यांतलं त्यांना काही सांगायची गरज नव्हती आणि मी सांगितलंही नाही. त्यांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि हळूच खाली बसले.

"म्हंजी हाय ती," ते म्हणाले. "आत हाय."